बिबट्या दारात आला, पण कोणाच्या?

डिसेंबर २०२५ मध्ये अलिबागजवळच्या नागावात बिबट्या शिरला आणि त्याच्या हल्ल्यात माणसे जखमी झाली. नागाव म्हणजे शनिवार-रविवारी पर्यटकांनी फुलणारा किनारा, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि त्या वाड्यांत उभे राहिलेले होम-स्टे. तोवर बिबट्या म्हटले की रायगडकरांच्या डोळ्यांसमोर जुन्नरचा ऊस नाहीतर मुंबईतले बोरिवली यायचे. आता तो समुद्राच्या लाटा ऐकू येतील एवढ्या अंतरावर होता. त्याआधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, अवघ्या तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला होता. त्यांत दोन लहान मुले होती. संतापलेल्या लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, महामार्ग रोखला आणि अखेर त्या बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या.

या घटनांनंतर जी चर्चा झाली तिच्यात दोनच आवाज मोठे होते. एक म्हणाला, "दिसेल तिथे ठार मारा." दुसरा म्हणाला, "आपणच त्यांच्या जंगलात घुसलो आहोत, आता सहन करा." पहिला आवाज रागाचा आहे, तो समजू शकतो. दुसरा आवाज करुणेचा वाटतो, म्हणून तो आपल्या बौद्ध तरुणांमध्येही बराच पसरला. आम्हाला प्रश्न पडतो तो त्यातल्या एका शब्दाचा. "आपण" म्हणजे नेमके कोण?

डोंगराच्या उतारावर दोन एकरांचा बंगला बांधून महिन्यातून दोनदा येणारा "आपण", आणि त्याच उताराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या कुडाच्या घरात राहणारी कातकरी बाई "आपण", हे दोघे एकाच शब्दात बसत नाहीत. जंगलात कोण घुसले आणि बिबट्यासमोर कोण उभे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत. सहजीवनाची चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

तो बाहेरून आलेला नाही

आधी एक गैरसमज दूर करू. बिबट्या रायगडमध्ये नव्याने आलेला नाही. मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरात फणसाड अभयारण्य आहे. हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा होती. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. पन्नास चौरस किलोमीटरहून थोडे मोठे असलेल्या या जंगलात बिबट्या आहे, शेकरू आहे, सांबर आहे. आमच्याकडची म्हातारी माणसे बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि "वाघ वाडीत येऊन कोंबड्या घेऊन गेला" ही गोष्ट त्यांच्यासाठी नवी नाही.

पण बिबट्या नकाशावरची अभयारण्याची रेघ मानत नाही. त्याला घनदाट जंगल लागतेच असे नाही. लपायला थोडी झाडी, प्यायला पाणी आणि खायला काहीतरी, एवढ्यावर तो जगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. शेतीच्या, दाट लोकवस्तीच्या या भागात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत असल्याचे त्यांना आढळले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, जवळपास चाळीस टक्के. म्हणजे हे बिबटे जंगलातून "भरकटून" आलेले नव्हते. ते तिथलेच रहिवासी होते, माणसांच्या शेजारी जन्मले होते आणि बहुतेक वेळा माणसांना दिसतही नव्हते.

हे लक्षात घेतले की सरकारकडून आलेल्या काही उपायांची गंमत आणि धोका दोन्ही कळते. वनमंत्री गणेश नाईक यांनी डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी एक कल्पना मांडली. एक कोटी रुपयांच्या शेळ्या जंगलात सोडायच्या, म्हणजे बिबटे भक्ष्यासाठी वस्तीत येणार नाहीत. पण जो बिबट्या उसात जन्मला, ज्याची आई गावच्या उकिरड्यावरच्या कुत्र्यांवर जगली, तो जंगलातल्या शेळ्यांकडे कशाला जाईल? शेळ्या जातील, कोटी रुपये जातील, आणि बिबट्या उकिरड्यापाशीच असेल.

पकडून दुसरीकडे सोडले की काय होते

गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी असते पिंजऱ्याची. पकडा आणि लांब नेऊन सोडा. हा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे आणि त्याचा हिशेबही झाला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात पकडलेले २९ बिबटे आसपासच्या जंगलांत सोडण्यात आले. त्याआधी तिथे वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. बिबटे सोडायला लागल्यावर ही संख्या वर्षाला सतरावर गेली. हल्ल्यांत मरण्याचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर, म्हणजे दुपटीवर गेले.

असे का झाले? बिबट्याला स्वतःची हद्द असते. पाणी कुठे, आडोसा कुठे, माणसे कधी येतात-जातात, हे त्याला पाठ असते. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात धडका मारून जखमी झालेला प्राणी घाबरलेला असतो आणि घाबरलेला प्राणी जास्त धोकादायक असतो. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण बिबट्या बळकावतो. गावाला वाटते प्रश्न सुटला. प्रत्यक्षात तो दोन गावांत वाटला गेलेला असतो. आणि ज्या "लांबच्या जंगलात" बिबट्या सोडायचा, त्या जंगलाच्या कडेला कोणाची वस्ती आहे हे पिंजरा मागणारा कधी विचारत नाही. तिथे बहुतेक वेळा आदिवासी वाडीच असते.

याचा अर्थ कोणताही बिबट्या पकडूच नये असा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असलेला बिबट्याही माणसाच्या जिवाला धोका ठरला, तर त्याला पकडण्याची आणि तेवढ्याने भागत नसेल तर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. कलम ११ मध्ये ती तरतूद आहे. पण माणसांवर वारंवार हल्ला करणारा विशिष्ट बिबट्या आणि रात्री रस्ता ओलांडताना कोणाच्या मोबाईलमध्ये सापडलेला बिबट्या, यांत फरक करावा लागतो. तो फरक न करता लावलेला प्रत्येक पिंजरा जुन्नरची चूक पुन्हा करतो.

गावाच्या नकाशावर जात असते, धोकाही असतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्रातल्या गावाची रचना आपल्याला वेगळी सांगायला नको. मध्ये गावठाण, देऊळ, ग्रामपंचायत, दुकाने. कडेला आपला बौद्धवाडा. त्याहून पुढे, ओढ्याच्या पलीकडे किंवा डोंगराच्या अंगाला कातकरी किंवा ठाकूर वाडी. ही रचना भूगोलाने केलेली नाही, जातिव्यवस्थेने केली आहे. रस्त्यावरचा दिवा गावठाणात आधी लागतो आणि कडेला शेवटी. कचऱ्याची गाडी मध्यभागात फिरते आणि गावाचा उकिरडा कडेला, म्हणजे वाडीच्या तोंडाशी पडतो. उकिरड्यावर कुत्री येतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. अस्पृश्यतेने शंभर वर्षांपूर्वी जी घरे जिथे ढकलली, तिथेच आज बिबट्याचा रस्ता जातो.

त्या कडेला रोजचे जगणे कसे असते? शौचालय कागदावर असते, पण त्यात पाणी नसते, म्हणून बाया पहाटे अंधारात बाहेर जातात. लाकूडफाट्यासाठी डोंगरात जावे लागते. शेळ्या उघड्यावर किंवा झापाच्या आडोशाला बांधलेल्या असतात. मुले अंगणात खेळतात, कारण घर म्हणजे एकच खोली. वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे तर वर्षातले कित्येक महिने प्लास्टिकच्या पालातच राहतात. पालाला दार नसते. बिबट्यापासून वाचण्याचा पहिला सल्ला "रात्री दार बंद ठेवा" असा दिला जातो. तो कोणासाठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

घाटावरही चित्र वेगळे नाही. ऊसतोड कामगारांच्या कोप्या उसाच्या फडाला लागूनच असतात. शेतीला तीन फेजची वीज रात्रपाळीने येते, म्हणून शेतकऱ्याला आणि सालगड्याला बिबट्याच्या वेळेतच पाणी द्यायला जावे लागते. विदर्भात प्राणी बदलतो, माणसे बदलत नाहीत. मे २०२५ मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्या जंगलात हौसेने गेल्या नव्हत्या. उन्हाळ्यात त्या पानांवरच घर चालते.

म्हणून आम्ही म्हणतो की माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातला हा संघर्ष "मानव विरुद्ध वन्यजीव" असा नसतो. "मानव" नावाचा एकसंध गट त्यात नाही. वन्यजीव वाचल्याचा आनंद एका वर्गाला मिळतो, पर्यटनाचा पैसा दुसऱ्याला, आणि धोका तिसऱ्याच्या अंगणात राहतो. २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. ही गणना मुख्यतः वनक्षेत्रांतली, शेतातले बिबटे त्यात फारसे येत नाहीत. बिबट्यांचा आकडा निदान निघतो. कोणत्या वस्तीत अंधार आहे, याची गणना कोण करतो?

भरपाई मिळते, पण कोणाला?

बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. त्यातली बरीचशी रक्कम मुदत ठेवीत ठेवली जाते. शेळी-मेंढी गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. गाय-बैल-म्हैस गेली तर ७५ टक्के किंवा ७० हजार, यांपैकी कमी ती. योजना चांगली आहे. पण तिचा रस्ता कागदांतून जातो. ४८ तासांत कळवायचे, मेलेले जनावर हलवायचे नाही, पंचनामा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, बँक खाते, आधार. ज्या बाईच्या चार शेळ्याच तिची बँक आहेत, तिला शेळी गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत हे सगळे कोण सांगणार? बऱ्याच वाड्यांत शेळी बिबट्याने नेली की ती गेलीच, असे समजून माणसे कामाला लागतात.

शिवाय पैसे मेल्यावर मिळतात. जगण्यासाठी लागणारा दिवा, पक्का गोठा, पाण्याचा नळ हे त्या आधी लागते, आणि त्याची किंमत २५ लाखांपेक्षा कितीतरी कमी असते.

धम्म काय सांगतो

आपल्या काही तरुणांच्या मनात एक खरी ओढाताण असते. आपण पंचशील घेतो, त्यातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. मग बिबट्याला मारा म्हणणाऱ्यांबरोबर उभे राहायचे की नाही? दुसरीकडे, वन्यजीवांवर इतके प्रेम करणारे लोक आमच्या वस्तीबद्दल कधी बोलत नाहीत, मग आम्ही त्यांच्याबरोबर का जावे?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांच्या मते बुद्धांची अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते तत्त्व आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी फरक केला, हे बाबासाहेब स्पष्टपणे सांगतात. या कसोटीवर पाहिले तर लहान मुलांवर पुन्हा पुन्हा हल्ला करणाऱ्या बिबट्याला, इतर सर्व मार्ग संपल्यावर, कायद्याने मारणे ही गरज असू शकते. पण सूड म्हणून, गर्दीच्या जोशात, दिसेल त्या बिबट्याला काठ्यांनी ठेचणे किंवा विष घालणे ही इच्छा आहे. तिचे समर्थन धम्मात नाही.

वन्यजीवप्रेमी कधी कधी आपल्याला व्याघ्री जातक ऐकवतात. बोधिसत्त्वाने भुकेल्या वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना वाचवण्यासाठी स्वतःचे शरीर दिले, ती गोष्ट. मोठी गोष्ट आहे. पण नीट वाचावी. बोधिसत्त्वाने स्वतःचे शरीर दिले, शेजारच्या वाडीतले मूल दिले नाही. दान आपल्या मालकीच्या गोष्टीचेच होते. दुसऱ्याच्या अंगणातला धोका आपल्या करुणेच्या खात्यावर जमा करण्याला दान म्हणत नाहीत.

सापांच्या कुळांबद्दल मैत्री व्यक्त करणारे परित्त आपण विहारात म्हणतो. बिनपायाच्या, दोन पायांच्या, चार पायांच्या, अनेक पायांच्या सर्वांबद्दल त्यात मैत्री आहे. आणि त्याच दमात यांपैकी कोणी मला इजा करू नये, हेही त्यात मागितले आहे. मैत्री आणि संरक्षण हे तिथे एकमेकांच्या विरोधात नाहीत. दोन्ही एकत्र मागायचे असतात.

हा जिल्हा हक्क मागायला शिकलेला आहे

महाड याच जिल्ह्यात आहे. ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता तिथे माणसांना होता, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यामुळे "जनावराची किंमत आमच्यापेक्षा जास्त आहे का?" हा प्रश्न आपल्या समाजाला झोंबतो, त्याला इतिहास आहे. पण महाडने आपल्याला जनावराचे पाणी तोडायला शिकवले नाही. माणसाचा सार्वजनिक सोयीवरचा हक्क मागायला शिकवले. आज रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याची विल्हेवाट, दार असलेले घर आणि पाणी असलेले शौचालय ह्या सार्वजनिक सोयी आहेत. बिबट्याच्या निमित्ताने त्या मागणे हे महाडच्याच वाटेवरचे पाऊल आहे.

चिरनेरही याच जिल्ह्यात. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होते. जंगलाबद्दलचा निर्णय जंगलाकाठच्या माणसांना वगळून होऊ नये, ही मागणी तेव्हापासूनची आहे. आज वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव यांच्या रक्षणाचा अधिकार देतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत कातकरी वाडी ही अतिक्रमण करणारी नाही, राखणदार आहे.

मुंबईने काय केले

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचे आणि भोवती मुंबई-ठाण्याची दाट वस्ती. २००४ च्या जूनमध्ये एका महिन्यात तिथे दहा माणसे मेली. पुढे २०११ पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमात वनखाते, संशोधक, पत्रकार आणि स्थानिक रहिवासी एकत्र आले. बिबटे पकडून हलवणे कमी झाले. पाड्यांत जाऊन बोलणे, कचरा आणि कुत्री कमी करणे, बिबट्या अडकला तर पोलिसांनी गर्दी आवरणे, बातमीत घबराट न पसरवणे यांवर भर आला. हल्ले बरेच घटले. पूर्ण थांबले नाहीत. २०२२ च्या दिवाळीत आरे वसाहतीत एका चिमुकलीचा जीव गेला. म्हणून सहजीवन हे एकदा करून संपणारे काम नाही. दर पावसाळ्यानंतर झाडी वाढते, दर वर्षी नवे कामगार येतात, आणि सगळे पुन्हा सांगावे लागते.

त्या भागातल्या वारली समाजाने वाघोबाची ठाणी उभारली. दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद अभ्यासकांनी केली आहे. आपण देव मानत नाही. पण त्या परंपरेतला एक विचार ओळखता येतो, की हा शेजारी आहे, त्याचेही काही आहे आणि आपलेही काही आहे. बिबट्याची नसबंदी, जिचा मर्यादित प्रयोग जुन्नर भागात करायला केंद्राने परवानगी दिली आहे, ती यशस्वी झाली तरी हा शेजार संपणार नाही.

आपण काय करायचे

रायगडच्या किनाऱ्यावर जमिनीचे भाव वाढत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबई आणखी जवळ आली. उतार सपाट होतील, कुंपणे वाढतील, रिसॉर्टचा कचरा वाढेल. बिबट्याच्या वाटा अरुंद होतील आणि त्या आपल्या वस्त्यांतून जातील. त्यामुळे आत्ताच पुढील कामे हाती घ्यावीत असे आम्हाला वाटते.

पहिले, वस्तीची पाहणी. आपल्या बौद्धवाडीत आणि शेजारच्या आदिवासी वाडीत किती खांब आहेत, किती दिवे लागतात, उकिरडा कुठे आहे, किती घरांत शौचालय खरोखर वापरात आहे, शेळ्या कुठे बांधतात, हे एका वहीत लिहा. दोन रविवारांचे काम आहे.

दुसरे, ती वही घेऊन ग्रामसभेत जा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास करण्याची जिल्हा परिषदेची योजना आहे, तिच्यातून दिवे आणि रस्ते होतात. आदिवासी वाड्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे, कातकरींसाठी २०२३ पासून पीएम-जनमन आहे. रोजगार हमीतून शेळ्यांची शेड बांधण्याचा मार्ग आपल्याकडे वापरला गेला आहे. निधी बऱ्याचदा समाजमंदिराच्या रंगकामात संपतो. या वर्षी आधी दिवा मागा.

तिसरे, भरपाईचा अर्ज भरून देणारे दोन जण प्रत्येक शाखेत तयार करा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहा.

चौथे, बिबट्या दिसला तर गर्दी जमवू नका, पाठलाग करू नका, त्याला निघून जायला वाट ठेवा. घेरलेला बिबट्याच जास्त माणसे जखमी करतो. खात्री नसलेले चित्र पुढे पाठवू नका. संगणकाने बनवलेले बिबटे गेल्या हिवाळ्यात खऱ्यांपेक्षा जास्त फिरले.

पाचवे, हे काम एकट्या बौद्धवाडीचे समजू नका. कातकरी, ठाकूर, आगरी, कोळी, मुस्लिम वस्त्या, सगळ्यांना बरोबर घ्या. बिबट्या जात विचारत नाही. जात विचारून दिवे लावले गेले, म्हणून तो काहींच्याच दारात जास्त येतो.

मुंबईहून गावी येणाऱ्या तरुणांना विशेष सांगणे, की येत्या १४ एप्रिलला जयंतीची रोषणाई विहारावर होईलच. त्या दिवशी मिरवणुकीआधी तासभर काढून वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत अंधारात चालत जा आणि तिथे किती खांब लागतात ते मोजून या. पुढच्या ग्रामसभेत मांडायचा ठराव तिथूनच मिळेल.

जयभीम!